वारुळातला पांढरा ठिपका

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा संत्र्याचा बगिचा आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या धुऱ्यावर एक जुना कडुनिंब आहे आणि त्याच्या बुंध्याशी बारीक तपकिरी मुंग्यांचे वारूळ आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर, तेथील एक चपटा दगड मी हलकेच उलटवला. मुंग्यांची एकच धांदल उडाली. अंडी आणि कोष तोंडात धरून त्या दिसेल त्या भोकात शिरू लागल्या. त्या गर्दीत, मुंग्यांच्या पायांमधून वाट काढत, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे काही पांढरे ठिपके चालत होते. मुंग्या त्यांना ओलांडून जात होत्या, काही त्यांच्यावर आपल्या मिशांसारख्या शृंगिका टेकवून पुढे सरकत होत्या, पण एकीनेही त्यांना उचलले नाही की हुसकले नाही.

बगिच्याची राखण करणारे वामनभाऊ माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून पाहिले आणि विचारले, "हे मुंग्यांचे पिल्लं हायेत का जी, बाई?"

"नाही वामनभाऊ. मुंग्यांच्या पिल्लांना पाय नसतात. याला जरा काडी लावून पाहा."

त्यांनी गवताची काडी एका ठिपक्याच्या मागे टेकवली मात्र, ठिपका जागेवरून नाहीसा झाला आणि वीतभर अंतरावर एका वाळक्या पानावर दिसला. वामनभाऊंचे पन्नासएक पावसाळे याच मातीत गेले आहेत. तरीही ते काही क्षण त्या पानाकडे बघतच राहिले.

तो प्राणी स्प्रिंगटेल होता. कुणाच्या तोंडून त्याचे मराठी नाव मी आजवर ऐकलेले नाही. कुंडीत पाणी घालताना मातीवर बारीक काहीतरी उडाले की आपल्याकडे त्याला पिसू म्हणून मोकळे होतात आणि त्यावर औषध फवारतात. पिसवांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही, आणि लुसर्नसारख्या चारापिकाची पाने खाणाऱ्या एखाददुसऱ्या जातीचा अपवाद सोडला तर पिकालाही हात लावत नाही. बुरशी, जिवाणू, शेवाळ आणि कुजणारा पालापाचोळा हे त्याचे अन्न. समशीतोष्ण प्रदेशांतील जंगलांच्या मातीत एका चौरस मीटरमध्ये हे प्राणी दहा हजारांपासून लाखापर्यंत मोजले गेले आहेत. जगभरात त्यांच्या नऊ हजारांहून अधिक जातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत आणि भारतातून तीनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. इतक्या संख्येने आपल्या पायांखाली राहणाऱ्या प्राण्याला आपल्या भाषेत हाक मारायला शब्द नसावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्याच्या उडीची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. उदराच्या चौथ्या खंडाखाली त्याला एक दुभंगलेली शेपटी असते. ती पुढच्या बाजूला पोटाखाली दुमडलेली असते आणि तिसऱ्या खंडावरच्या एका चिमुकल्या आकड्यात अडकवलेली असते. धोका जाणवला की आकडा सुटतो, शेपटी जमिनीवर आदळते आणि प्राणी हवेत फेकला जातो. एका गोलसर जातीच्या स्प्रिंगटेलचे अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेले चित्रण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्राणी हवेत सेकंदाला तीनशे साठहून अधिक गिरक्या घेतो, असे त्यात आढळले. मात्र या वर्गाला शास्त्रीय नाव मिळाले ते शेपटीवरून नव्हे. उदराच्या पहिल्या खंडाखाली त्याला एक आखूड नळी असते. १८७० च्या दशकात इंग्रज अभ्यासक जॉन लबॉक यांनी ग्रीक भाषेतील डिंक आणि खुंटी या अर्थांचे दोन शब्द जोडून 'कोलेम्बोला' हे नाव तयार केले, कारण ही नळी पृष्ठभागाला चिकटण्यासाठी असावी असा त्यांचा समज होता. शरीरातील पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळणे हे तिचे मुख्य काम असल्याचे पुढे सिद्ध झाले, परंतु डिंकाचे नाव कायम राहिले. प्राण्यांच्या नावांत असे पुष्कळदा होते. समज दुरुस्त होतो, नाव मात्र बदलत नाही.

मी शिकत असताना आमच्या पाठ्यपुस्तकात स्प्रिंगटेल हे 'अपंख कीटक' या शीर्षकाखाली, जुन्या वह्यांतून पळणाऱ्या चंदेरी कसरीच्या शेजारी बसवलेले होते. सहा पाय आहेत आणि पंख नाहीत, एवढ्यावर दोघांची एका खोलीत सोय लावलेली होती. आज त्यांना कीटकांत गणत नाहीत. षट्पाद प्राण्यांमधला एक स्वतंत्र वर्ग म्हणून त्यांचा विचार होतो. कीटकाचे जबडे बाहेरून दिसतात, तर यांचे जबडे डोक्याच्या आत एका पिशवीत दडलेले असतात आणि खाताना तेवढे पुढे सरकतात. कीटकाच्या उदराची मूळ घडण अकरा खंडांची, तर यांचे उदर सहाच खंडांचे. कीटक एकदा प्रौढ झाला की सहसा कात टाकत नाही, तर हे प्राणी अंडी घालू लागल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहतात. पंख गमावलेला कीटक आणि ज्याच्या पूर्वजांना पंख कधी नव्हतेच असा प्राणी यांत मोठे अंतर आहे. मुंग्यांच्या पूर्वजांना पंख होते, आजही राणीला आणि नरांना असतात. स्प्रिंगटेलच्या वंशावळीत मात्र पंख कधी उगवलेच नाहीत.

ही वंशावळ किती जुनी, याचा पुरावा स्कॉटलंडमधल्या रायनी या गावच्या खडकात मिळाला. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी गरम पाण्याच्या झऱ्यांतील सिलिकेने तेथील अख्खी दलदल, तिच्यातील वनस्पती आणि बारीक प्राणी यांच्यासह, जशीच्या तशी गोठवून ठेवली. त्या खडकाच्या पातळ कापांत दिसलेल्या एका प्राण्याचे वर्णन १९२६ मध्ये 'रायनिएला प्रीकर्सर' या नावाने प्रसिद्ध झाले, आणि तो स्प्रिंगटेल असल्याचे दोन वर्षांनी कीटकतज्ज्ञ टिलयार्ड यांनी दाखवून दिले. १९२६ च्या त्या लेखावर दोन नावे आहेत. एक स्टॅन्ली हर्स्ट यांचे आणि दुसरे समरेंद्र मौलिक यांचे. मौलिक हे बंगालचे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते कीटकांवर काम करीत. षट्पाद प्राण्यांच्या सर्वांत जुन्या जीवाश्मांपैकी एकाला नाव देणाऱ्या दोन हातांपैकी एक हात भारतीय होता, ही गोष्ट मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी सांगत असे. ती अभ्यासक्रमात नव्हती, परीक्षेत येणार नव्हती, तरी मुले लक्ष देऊन ऐकत.

आता वारुळातल्या पाहुण्याकडे परत येते. मी त्याचे सात नमुने मऊ कुंचल्याच्या ओल्या टोकाने उचलून मद्यार्काच्या कुपीत घेतले आणि नागपूरला घरी आणले. रात्री त्यातील एक लॅक्टिक आम्लात ठेवून, शरीर पारदर्शक झाल्यावर काचपट्टीवर घेतले. अवाढव्य जंगलाचा नकाशा उलगडावा तसे सूक्ष्मदर्शकाखाली ते इवलेसे शरीर उलगडत गेले. डोळ्यांच्या जागी काहीही नव्हते. साधा रंगाचा डागदेखील नव्हता. अंगभर चपटे, पारदर्शक खवले होते आणि काचपट्टीवर इकडेतिकडे त्यांची सांडमांड झाली होती, जशी पोळपाटाभोवती पिठाची होते. पाठीवर पहिला वक्षखंड इतका आखडलेला होता की डोके थेट दुसऱ्या खंडाखाली खोचल्यासारखे वाटत होते. उदराचा चौथा खंड तिसऱ्याच्या कितीतरी पट लांब होता. आणि शेपटीच्या दोन्ही दांड्यांवर, वरच्या बाजूने, पिसांसारख्या झालरीच्या मोठ्या खवल्यांच्या ओळी होत्या. ही झालर विद्यार्थिदशेनंतर मी फक्त आकृतीत पाहिली होती. प्रत्यक्षात ती पुन्हा दिसली तेव्हा मी खुर्चीवरून उठून दोन मिनिटे गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पिसांची ही झालर, खवले, डोळ्यांचा अभाव आणि मुंग्यांचा शेजार ही सर्व लक्षणे एकत्र आली की वंश ठरतो. वर्गाचे चार गण आहेत. पहिल्यातले प्राणी जाडसर आणि आखूड पायांचे असतात, दुसऱ्यातले सडपातळ आणि चपळ, तिसऱ्यातले मोहरीसारखे गोल, तर चौथ्यातले गोल असूनही इतके बारीक की बहुतेक अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाहीत. आपला पाहुणा दुसऱ्या, म्हणजे एंटोमोब्रायोमॉर्फा या गणातला आहे आणि त्याच्या वंशाचे नाव सायफोडेरस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वाकलेल्या मानेचा. हे नाव देणारे हर्क्यूल निकोले हे स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी शिळाछापाचा व्यवसाय करीत. दुसऱ्यांच्या ग्रंथांसाठी प्राण्यांची चित्रे दगडावर उतरवता उतरवता ते स्वतः या प्राण्यांचे अभ्यासक झाले आणि १८४२ मध्ये त्यांनी स्प्रिंगटेलवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मान वाकलेली आहे हे ज्याच्या नजरेने टिपले, त्या नजरेला चित्रकाराच्या हाताचा सराव होता, असे मला नेहमी वाटते.

कुलाच्या पायरीवर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. काहींनी सायफोडेरस आणि त्याचे आप्त यांचे स्वतंत्र कुल मानले, तर काहींनी त्यांना पॅरोनेलिडी या कुलातील उपकुल ठरवले. अलीकडे जनुकीय पुराव्यांमुळे जुन्या कुलांच्या भिंतीही हलल्या आहेत. बाहेरच्या माणसाला हा वाद निरर्थक वाटेल. पण खवले, डोळ्यांचा अभाव, लांबलेला उदरखंड या गोष्टी एकाच पूर्वजाकडून आल्या की अंधाऱ्या जागी राहणाऱ्या निरनिराळ्या घराण्यांत वेगवेगळ्या उपजल्या, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी आहे. अंधारात राहणाऱ्याचे डोळे आणि रंग जातात. म्हणून केवळ पांढरेपणावरून नाते जोडणे धोक्याचे असते. कुंड्यांत आणि प्रयोगशाळांत हमखास आढळणारा फोल्सोमिया कँडिडादेखील पांढरा आणि बिनडोळ्यांचाच आहे, परंतु त्याच्या अंगावर खवले नाहीत आणि त्याचे कुलही निराळे आहे.

जातीचा प्रश्न याहून अवघड. आपल्या प्रदेशात या वंशातली जी जाती वारंवार नोंदली गेली आहे, ती म्हणजे सायफोडेरस जावानस. १९०६ मध्ये जर्मन अभ्यासक कार्ल ब्योर्नर यांनी हॅम्बुर्गच्या संग्रहालयातील नमुन्यांच्या अभ्यासातून नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत ही एक होती. जावा बेटावरून आली म्हणून जावानस. पुढे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या अनेक ठिकाणांहून, भारतातूनही, तिच्या नोंदी झाल्या. माझा नमुना या वर्णनाच्या बराच जवळ जातो. शेपटीच्या टोकाच्या तुकड्यावरील दातांची संख्या आणि जागा, नखांच्या आतल्या बाजूचे पंखासारखे दात, अंगावरच्या ठरावीक केसांची मांडणी, असे एकेक पाहत जावे लागते, आणि त्यातला एखादा केस तुटलेला असेल तर दुसरा नमुना घ्यावा लागतो. सातपैकी चार नमुने मी तपासले. त्यानंतर कुपीतल्या चिठ्ठीवर लिहिले ते एवढेच: 'सायफोडेरस, जावानस जातीशी तुलना करावी.' शास्त्रीय लेखनात अशा शब्दांना मान आहे. युरोपात ज्यांना शतकभर एकच जाती मानले गेले, असे काही सामान्य स्प्रिंगटेल जनुकीय तपासणीत अनेक वेगळ्या घराण्यांचे निघाले आहेत. जावा आणि काटोल यांच्या मध्ये समुद्र आहे, पर्वत आहेत, हजारो किलोमीटर आहेत. एवढ्या अंतरावर एकच नाव चिकटवताना हात थबकला पाहिजे.

हात थबकण्याचे दुसरेही कारण आहे आणि ते माझ्या आयुष्यातले आहे. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी मातीतल्या प्राण्यांवर छोटा प्रकल्प केला होता. पत्र्याचे नरसाळे, त्यात चहाच्या गाळणीची जाळी, वर चाळीस वॅटचा दिवा आणि खाली मद्यार्काची बाटली, अशी ती व्यवस्था होती. मूळ युक्ती इटलीच्या अंतोनियो बेर्लेसे यांची, १९०५ सालची. ते नरसाळ्याभोवती गरम पाणी ठेवत. विजेचा दिवा लावण्याची सुधारणा स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये केली. वरून माती तापत आणि सुकत जाते, तसतसे प्राणी ओलाव्याच्या ओढीने खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. त्या वर्षी मी त्रेचाळीस काचपट्ट्या तयार केल्या होत्या. त्यांतल्या पाचसहांवर पांढरा, बिनडोळ्यांचा, खवल्यांचा प्राणी होता. माझ्या वहीतल्या पेन्सिलीच्या चित्रात शेपटीवरची झालर स्पष्ट आहे. पुढे प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवण्यात आली, तेव्हा काचपट्ट्यांची पेटी भंगारात गेली. मला कळले तेव्हा सहा महिने उलटून गेले होते.

त्या दिवशी मी रडले होते, हे मी आजवर कुणाला सांगितले नाही. दुःख मेहनतीचे नव्हते. नमुना हरवला की नोंद हरवते, आणि नोंद हरवली की तो प्राणी त्या ठिकाणी कधी नव्हताच अशी स्थिती होते. माझ्या चित्रावरून कुणीही जात ठरवू शकत नाही. केस मोजता येत नाहीत, दात पुन्हा पाहता येत नाहीत. नागपूरच्या मातीत तो प्राणी होता हे मला ठाऊक होते, परंतु माझे ठाऊक असणे हा पुरावा नव्हे.

एखाद्या प्राण्याचा प्रसार दाखवणारा नकाशा आपण पाहतो तेव्हा तो प्राण्याचा नकाशा आहे असे समजतो. मला तो पुष्कळदा वाकून पाहणाऱ्या माणसांचा नकाशा वाटतो. भारतीय स्प्रिंगटेलवरचे पहिले मोठे काम १९१२ मध्ये ए. डी. इम्स यांनी प्रसिद्ध केले. ते आधी अलाहाबादला प्राध्यापक होते आणि नंतर देहरादूनला वनकीटकतज्ज्ञ. ईशान्येकडील अबोर प्रदेशातल्या मोहिमेत गोळा झालेल्या नमुन्यांवर जॉर्ज कार्पेंटर यांनी १९१७ मध्ये लिहिले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये कोलकात्यात स्थापन झाली आणि बंगाल व ईशान्य भारताची माती तपासली जाऊ लागली. केरळात एन. आर. प्रभू यांनी १९७० च्या दशकात दक्षिण भारतातल्या मातीतील आणि पाचोळ्यातील जाती नोंदवल्या. हे ठिपके जोडत गेले की दिसते, जेथे चिकाटीने पाहणारा माणूस राहिला तेथे जाती सापडल्या. मध्य भारताचा पठारी पट्टा या नकाशावर फिका आहे, आणि तो फिकेपणा मातीचा नाही.

नागपूरच्या संदर्भात हे मला विशेष लागते. देशभराच्या मातीचे सर्वेक्षण आणि नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शहरात, अमरावती रस्त्यावर आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरातल्या टाकळीच्या खडकांतून, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळातून, शंखशिंपले, फळे आणि कीटकांचे अवशेष गोळा केले आणि त्यांतल्या कीटकांचे वर्णन १८६० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यांची नोंद या शहराने केली आहे. आज जिवंत असलेल्या, आजच्या मातीतल्या बिनपंखी प्राण्यांसाठीही तेवढीच आस्था येथे निर्माण व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

बिनपंखी, मिलिमीटरभर लांबीचा, उन्हात काही मिनिटांत सुकून जाणारा प्राणी एवढ्या मोठ्या प्रदेशात पसरतो कसा, हा प्रश्न त्यानंतर येतो. याचे एक उत्तर आपण स्वतः आहोत. नर्सरीतून येणारे प्रत्येक रोप मुळांभोवती मातीचा गोळा घेऊन येते. धरमपेठेतल्या माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये आंध्रातल्या कडियमची माती आहे, पुण्याची आहे, आणि एका मोगऱ्याबरोबर आलेली कुठली ते मला माहीतही नाही. म्हणूनच कुंडीत सापडलेल्या स्प्रिंगटेलला मी नागपूरचा म्हणत नाही, आणि म्हणूनच धुऱ्यावरच्या वारुळाला एवढे महत्त्व देते. त्या जागी पन्नास वर्षांत कुणी रोप लावलेले नाही.

दुसरे उत्तर फार जुने आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सुमारे एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या राळेच्या एका खड्यात पंख असलेली एक वाळवी आणि एक मुंगी अडकलेली आढळली. त्या दोघींच्या अंगाला आणि आसपास मिळून पंचवीस स्प्रिंगटेल होते, त्यांतले कित्येक आपल्या शृंगिकांनी त्यांना धरून बसलेले. २०१९ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध झाले. ते स्प्रिंगटेल गोलसर गणातले होते, सायफोडेरस नव्हते. तरीही वसाहत करून राहणाऱ्या कीटकांच्या पंखांवरून बिनपंख्यांनी प्रवास केला, एवढे त्यातून दिसते. ते वाचल्यापासून पहिल्या पावसानंतर उदईची, म्हणजे वाळवीची, पाखरे दिव्याभोवती गोळा झाली की मी ताटात पाणी घेऊन बसते. गेल्या दोन पावसाळ्यांत मी चारशे बारा पाखरे भिंगाखाली पाहिली. एकाच्याही अंगावर काही मिळाले नाही. घरातली माणसे रात्री अकरा वाजता दिवा मालवायला सांगतात, आणि त्यांचेही बरोबर आहे.

उरतो तो उन्हाळा. नवतपाच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, काळ्या कन्हार मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची वीतभर माती भाजून निघते. मृग बहारासाठी ताण दिलेल्या बगिच्यात तर पाण्याचा थेंब नसतो. या काळात स्प्रिंगटेल कोठे असतात? काही जातींचे प्राणी अंगातले पाणी गमावून, सुरकुतून, निपचित पडून राहतात आणि पाणी मिळताच पुन्हा चालू लागतात. आयसोटोमिडी कुलातील फोल्सोमिडीस या वंशात हे आढळले आहे. बाकीच्यांना खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसते. मातीच्या कणांतून बिळे खोदण्याची ताकद त्यांच्यात नाही, ते आयत्या पोकळ्यांतून चालतात. त्यामुळे ज्या भेगांना आपण दुष्काळाची खूण समजतो, त्या या प्राण्यांना ओलाव्यापर्यंत नेणाऱ्या वाटा असणार, असा माझा तर्क आहे. वारुळात राहणाऱ्याला तेवढेही करावे लागत नसेल. मुंग्यांनी खोल खणलेल्या, ओलावा धरून ठेवणाऱ्या खोल्या त्याला आयत्याच मिळतात. मे महिन्यात त्याच कडुनिंबाखाली मी दगड उलटला तेव्हा एकही पांढरा ठिपका नव्हता. जूनमध्ये, दुसऱ्या पावसानंतर चौथ्या दिवशी, ते वर आलेले होते.

वर येण्यासाठी त्यांना बोलावणे जाते, असे म्हणण्यास आता थोडा आधार आहे. पहिल्या पावसाचा मातीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांतले प्रमुख म्हणजे जिओस्मिन. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस हे जिवाणू ते तयार करतात. त्याचा आपल्याला आनंद होतो, पण तो वास निर्माण करण्यात जिवाणूंचा काय लाभ, हे कोडे होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की फोल्सोमिया कँडिडा हा स्प्रिंगटेल या वासाकडे ओढला जातो, जिवाणूंची वसाहत खातो, आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून व विष्ठेतून दुसरीकडे पोचवतो. जिवाणू तो वास मुख्यतः बीजाणू तयार करतानाच सोडतात. दुसऱ्या अनेक प्राण्यांना या जिवाणूंची प्रतिजैविके बाधतात. स्प्रिंगटेलला ती पचवता येतात. म्हणजे नागपूरकर ज्या वासासाठी जूनभर आभाळाकडे डोळे लावून बसतात, तो मूळचा आपल्यासाठी नाहीच. तो पायांखालच्या एका चिमुकल्या, बहुधा आंधळ्या, प्राण्याला दिलेला निरोप आहे. हे कळल्यानंतरच्या पहिल्या पावसात मी बगिच्यातच होते. वास सुटला तेव्हा नेहमीप्रमाणे दीर्घ श्वास घेतला आणि मग नकळत खाली पाहिले.

या वर्षी मी वामनभाऊंना बरोबर घेऊन काम वाढवले आहे. आमच्या धुऱ्यावरची पाच वारुळे, पलीकडच्या ओढ्याकाठची तीन आणि गावाकडे जाणाऱ्या पांदणीतली चार, अशी बारा ठिकाणे ठरवली. प्रत्येक ठिकाणी एकच दगड किंवा एकच ढेकूळ उचलायचे, भिंगाने पाच मिनिटे पाहायचे, सापडले तर तीनपेक्षा अधिक नमुने घ्यायचे नाहीत आणि दगड होता तसा ठेवायचा. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण मद्यार्कात शाई विरघळते. तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, मुंगीचा एक नमुना त्याच कुपीत, आणि मातीचा प्रकार. मातीचा प्रकार वामनभाऊ सांगतात. चिमूट तळहातावर चोळून ते मला कन्हार आणि खरडी यांतला फरक दाखवतात, जो पुस्तकातून मला कधीच नीट कळला नव्हता. कुप्या भरल्या की त्या भंगारात जाणार नाहीत अशा ठिकाणी, नोंदणी क्रमांकासह, एखाद्या राष्ट्रीय संग्रहात द्यायच्या आहेत.

आजपर्यंत नऊ वारुळे पाहून झाली. धुऱ्यावरच्या पाचांपैकी चारांत सायफोडेरस मिळाला. ओढ्याकाठच्या तीनही वारुळांत मिळाला, आणि तेथे तो दगडाखाली नव्हे, तर वितभर खाली, मुंग्यांनी ओढून आणलेल्या भुशाच्या कोठीत होता. काल संध्याकाळी पांदणीतले पहिले वारूळ पाहिले. जमीन खरडी, उतार पश्चिमेला, मुंग्या त्याच तपकिरी जातीच्या. पाच मिनिटांऐवजी आम्ही पंधरा मिनिटे पाहिले. वामनभाऊंनी दुसऱ्यांदा भिंग हातात घेतले, मग मान हलवली. मी चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण लिहिले, खाली 'आढळला नाही' असे लिहिले, आणि ती रिकाम्या कुपीत घालून बूच लावले.